लांब इंग्रजी शब्द आणि आपले कोशकार

महाबळेश्वरच्या बाजारपेठेंत मोसमाच्या दिवसांत फेरफटका मारला, तर एकाच शेपटाचीं चार फळें दुकानांतून ओळीनें मांडलेलीं दिसतात. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, मलबेरी आणि गूजबेरी. नांवें इंग्रजी आहेत. पण तीं फळें विकणाऱ्या बाईनें बहुधा इंग्रजी कोश कधीं उघडलेला नसतो. 'बेरी' म्हणजे लहानसें रसाळ फळ, आणि पुढचा भाग बदलला कीं फळ बदलतें, एवढें तिला पुरतें ठाऊक असतें. स्ट्रॉबेरी हा शब्द इंग्रजींत दहा अक्षरांचा आहे. दहा अक्षरांचा दुसरा एकहि इंग्रजी शब्द ज्याला फळ्यावर लिहितां येत नाहीं, असा या डोंगरावरचा शेतकऱ्याचा मुलगा हा शब्द मात्र खोक्यांवर वाचून वाचून बिनचूक लिहितो. मी शाळामास्तर होतों. हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आतां त्याच मुलाच्या वहीचें दुसरें एक पान पाहा. तेथें इंग्रजी शब्दांची यादी आहे. सारे शब्द 'सी, ओ, एन्, एस्, टी' या पांच अक्षरांनीं सुरू होणारे. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे राज्यघटना. कॉन्स्टिट्युअन्सी म्हणजे मतदारसंघ. कॉन्स्टेबल म्हणजे पोलीस शिपाई. आणि कॉन्स्टिपेशन म्हणजे बद्धकोष्ठ. आरंभ सारखा, लांबी बहुतेक सारखी, अर्थ मात्र एकमेकांच्या वाऱ्यालाहि उभे न राहणारे. मुलानें यादी तोंडपाठ केली. परीक्षेच्या दिवशीं पाठांतराचा एक टांका निसटला, आणि डॉक्टर आंबेडकरांनीं भारताचा मतदारसंघ लिहिला, असें वाक्य उत्तरपत्रिकेंत उतरलें. आम्ही शिक्षक हंसलों. मुलगा हंसला नाहीं. त्याचे गुण गेले, आणि इंग्रजी आपल्याला कधींच येणार नाहीं, अशी त्याची खात्री झाली. पुढच्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं.

तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून राहिला आहे. अक्षरें सारखीं म्हणून शब्द एका रांगेंत बसविण्याची, आणि प्रत्येकापुढें एक अर्थ चिकटवून ती रांग पाठ करण्याची चाल आपल्याकडे आली कोठून? तिनें आपलें हित किती केलें आणि अहित किती? या प्रश्नाचा माग घेतां घेतां मला आढळलें कीं, त्याचें उत्तर महाबळेश्वराच्या आसपासच, या डोंगराच्या दोन्ही बाजूंस, पसरलेलें आहे. तें आज आपल्यापुढें ठेवितों.

शब्दांच्या याद्या आपल्याला नवीन नव्हत्या. संस्कृताच्या विद्यार्थ्याचा आरंभ अमरकोशानें होई. पण अमरसिंहानें शब्द अक्षरांच्या क्रमानें लाविले नाहींत. त्यानें ते अर्थाच्या घरांत बसविले. भूमीचे शब्द एका वर्गांत, नगराचे दुसऱ्यांत, पर्वताचे तिसऱ्यांत, वनस्पतींचे चौथ्यांत. पाठांतर तेथेंहि होतें आणि तें थोडें नव्हतें. परंतु जे शब्द शेजारीं बसत, ते एकमेकांचे सगेसोयरे असत. एक आठवला कीं दुसरा आपोआप जिभेवर येई.

याच चालीचा एक कोश आपल्या इतिहासांत फार मोलाचा ठरला आहे. महाबळेश्वराच्या पश्चिम कड्यांवरून प्रतापगड दिसतो. १६५९ सालीं तेथें जें घडलें तें शाळेंतल्या पोरालाहि ठाऊक आहे. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १६७४ सालीं, रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. आणि महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितानें 'राज्यव्यवहारकोश' रचिला. तेव्हां राज्यकारभाराची भाषा फारसीनें भरून गेली होती. त्या परक्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचें हें काम होतें. कोशाचे वर्ग दहा. राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशीं त्यांतल्या कांहींचीं नांवें. शब्द सुमारें चौदाशें. त्याच काळांत मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनौबताचा सेनापति झाला. आज मंत्रालयांत सचिव बसतात, तो शब्द सरकारी व्यवहारांत आणण्याचा उद्योग साडेतीनशें वर्षांपूर्वींचा आहे. परकी भाषा समजून घेण्यासाठीं केलेली यादी ती नव्हे. परक्या शब्दाच्या जागीं आपला शब्द उभा करण्यासाठीं केलेली ती यादी होती.

वर्गवारीच्या कोशाचा गुण हा कीं त्यांत नातें दिसतें. दोष हा कीं, शब्द कोणत्या वर्गांतला हें आधीं ठाऊक नसेल तर तो सांपडत नाहीं. ज्याला भाषाच येत नाहीं त्याला वर्ग कसा कळावा? इंग्रज आपल्या मुलखांत आले तेव्हां त्यांच्यापुढें हीच अडचण उभी राहिली. त्यांना अक्षरावरून शब्द हुडकतां यावा, असा कोश हवा होता. आपण ज्याला अकारविल्हे म्हणतों ती मांडणी मराठी शब्दांना लाभली ती या गरजेंतून.

विल्यम केरी या मिशनऱ्यानें बंगालमध्यें श्रीरामपूर येथें १८१० सालीं मराठी भाषेचा कोश छापिला. त्यांतले मराठी शब्द मोडी लिपींत होते, आणि या कामीं त्याला वैजनाथ नांवाच्या पंडिताचें साह्य होतें. १८२४ सालीं व्हान्स केनेडी यांचा कोश निघाला. पुढें १८२९ सालीं मुंबईस 'महाराष्ट्र भाषेचा कोश' प्रसिद्ध झाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखारामशास्त्री जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले या मंडळींनीं तो सिद्ध केला. हाच पंडितांचा कोश. हीं नांवें मी मुद्दाम घेतों; कारण पुढच्या कोशांच्या मुखपृष्ठांवर साहेबांचीं नांवें ठळक झालीं, आणि शास्त्रीमंडळींचे श्रम वाचकांच्या आठवणींतून मागें पडले.

त्यानंतर १८३१ सालीं जेम्स टॉमस मोल्स्वर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. मोल्स्वर्थसाहेब कंपनीच्या पलटणींत अगदीं पोरवयांत भरती झालेले. जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंच्या आणि शास्त्रीमंडळींच्या मदतीनें त्यांनीं सुमारें चाळीस हजार शब्द गोळा केले; १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत ही संख्या सुमारें साठ हजारांवर गेली. हा शब्द कवितेंतला, हा कोंकणांतला, हा ग्राम्य, अशा खुणाहि त्यांनीं केल्या. शिष्टांना नकोसे वाटणारे शब्द गाळले नाहींत. मराठी माणसांनीं त्यांना 'मोलेसरशास्त्री' म्हटलें. सलगीनें नांव मोडून घ्यावें आणि आदरानें शास्त्री म्हणावें, असा दुहेरी मान फार थोड्या परक्यांना मिळाला आहे.

येथवर गोष्ट सोपी होती. मराठी शब्द हातीं आहे, त्याचा इंग्रजींत अर्थ सांगावयाचा आहे. शब्द आपला, वस्तु आपली, ती दाखवितां येते. खरी कसोटी उलट्या वाटेवर लागते. इंग्रजी शब्द समोर आहे, आणि त्या शब्दाची वस्तु वा कल्पना आपल्याकडे पूर्वीं नव्हती; मग अर्थ द्यावा कसा? हें काम मोल्स्वर्थांनीं योजिलें आणि आरंभिलें, आणि मेजर टॉमस कँडी यांनीं पुरें केलें. त्या इंग्रजी-मराठी कोशाच्या मुखपृष्ठावर तसेंच नमूद आहे. साल १८४७.

या कँडीसाहेबांचें नांव आज कोणाच्या ओठांवर नाहीं. पण त्यांचें एक देणें आपण दररोज वापरतों. मराठी लिहितांना आपण जे स्वल्पविराम आणि पूर्णविराम देतों, ते रुळविण्याचें श्रेय मुख्यतः त्यांचें. 'विरामचिन्हांची परिभाषा' हें त्यांचें पुस्तक १८५० सालचें. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांनीं केली. सरकारच्या मराठी भाषांतराचें काम त्यांच्याकडे होतें. पीनल कोडाचें मराठी भाषांतरहि त्यांच्याच हातचें. त्यांच्या मराठीला इंग्रजी वळण आहे, असा आक्षेप पुढच्या पिढींतल्या मराठी लेखकांनीं घेतला, आणि तो खोटा नव्हता. पण आयुष्याचीं पन्नासांहून अधिक वर्षें या माणसानें या देशांत आणि बहुतांशीं या भाषेंत काढलीं. १८७७ सालीं त्यांना मरण आलें तें महाबळेश्वरीं. प्रतापगडापासून हें ठिकाण घाटाच्या वाटेनें जेमतेम पांच-सहा कोसांवर. एका कोशानें परके शब्द राज्यांतून बाहेर काढूं पाहिले. दुसऱ्यानें परके शब्द आपल्या उंबऱ्यावर आणून उभे केले.

कँडींच्या काळीं महाबळेश्वर म्हणजे इंग्रजी नांवांचा डोंगर होत चालला होता. १८२४ सालीं लॉडविक नांवाचा इंग्रज अधिकारी वर चढून आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार करून १८२९ च्या सुमारास येथें हवेचें ठिकाण वसविलें, आणि पेठेला नांव पडलें मालकमपेठ. मग एका कड्याला लॉडविक, दुसऱ्याला एल्फिन्स्टन, तिसऱ्याला बॅबिंग्टन अशीं नांवें आलीं. मराठी माणसानें हीं नांवें शुद्ध उच्चारण्याचा खटाटोप केला नाहीं. एल्फिन्स्टनाचा त्यानें अलपिष्टन केला, मोल्स्वर्थाचा मोलेसर केला, आणि काम भागविलें. बाजारांत आणि कड्यांवर परक्या शब्दाचें भय कोणाला वाटलें नाहीं. भय वाटूं लागलें तें शाळेंत.

याचें कारण कोशाच्या मांडणींत आहे असें मला वाटतें. अकारविल्हे मांडणी ही शब्द हुडकण्याची सोय आहे, शब्द शिकण्याची रीत नव्हे. रेल्वेच्या वेळापत्रकांत गाड्या ओळीनें लाविलेल्या असतात, म्हणून कोणी वेळापत्रक वाचून प्रवास झाला असें म्हणत नाहीं. पण आम्हीं शाळामास्तरांनीं तेंच केलें. कोश हातीं आला, त्याच्या लहान आवृत्त्या निघाल्या, त्यांवरून मार्गदर्शिका निघाल्या, आणि मार्गदर्शिकांवरून मुलांच्या वह्यांत याद्या उतरल्या. अक्षरांच्या रांगेंत योगायोगानें शेजारीं आलेले परके एकमेकांचे भाऊबंद समजून मुलांनीं पाठ केले. आणि जे खरोखर भाऊबंद होते, ते दूरच्या पानांवर असल्यामुळें त्यांची कधीं भेट झाली नाहीं.

आतां पुन्हा त्या मुलाच्या वहीकडे वळूं. कॉन्स्टिट्यूशन हा शब्द फोडून पाहा. आरंभींचा 'कॉन्' हा लॅटिन उपसर्ग; त्याचा अर्थ 'एकत्र', म्हणजे आपला 'सम्'. पुढचा भाग ज्या लॅटिन धातूपासून निघाला तो 'स्टा', म्हणजे उभें राहणें. हा धातु ऐकून कांहीं आठवतें का? आपला संस्कृत 'स्था' तोच आहे. १७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें सांगितलें कीं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळच्या असाव्यात. त्या नात्याची ही घरची साक्ष. सम् आणि स्था मिळून आपल्याकडे 'संस्था' झाली, कॉन् आणि स्टा मिळून तिकडे कॉन्स्टिट्यूशन झालें. कॉन्स्टिट्युअन्सी ही तिचीच सख्खी बहीण. कॉन्स्टेबलाचें मूळ ऐकाल तर नवल वाटेल: लॅटिनांत तो तबेल्यावरचा सरदार, आणि तबेला म्हणजे घोड्यांचें उभें राहण्याचें स्थान, म्हणजे तेथेंहि 'स्टा' आहेच. चौघांपैकीं तिघे एका कुळांतले निघाले. चौथा कॉन्स्टिपेशन. त्यांतला 'कॉन्' तोच, पण पुढचा धातु निराळा. अर्थ 'दाबून बसविणें'. एकत्र दाबून बसलेलें, म्हणजे बद्ध झालेलें. बद्धकोष्ठ!

हें एवढें मीं त्या मुलाला सांगितलें असतें, तर राज्यघटना आणि मतदारसंघ यांची त्याची गल्लत कदाचित् झालीहि असती. पण झालेली चूक त्याला समजली असती. आपण मूर्ख आहों असें न वाटतां, दोन बहिणींच्या चेहऱ्यांत आपण फसलों, असें त्याला वाटलें असतें. स्टेशन, स्टॅच्यू, इन्स्टिट्यूट, सब्स्टिट्यूट हे सारे त्याच घरचे आहेत, आणि ते घर 'स्थान', 'स्थिति', 'संस्था', 'स्थापना' यांच्या वाड्याला लागूनच आहे, हें त्याला दिसलें असतें. तेव्हां हें मला स्वतःलाच माहीत नव्हतें. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. मलाहि शब्द रांगेंतच मिळाले होते. पुढें कोश चाळतां चाळतां हें कळलें, पण तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

लांब शब्दांचें भय किती पोकळ आहे हें दाखविण्यासाठीं इंग्रजींतले कांहीं प्रसिद्ध राक्षस आपल्यापुढें उभे करितों. शेक्सपिअरच्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' या नाटकांत 'ऑनरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' असा सत्तावीस अक्षरांचा एक शब्द आहे. अर्थ एवढाच कीं, सन्मानाला पात्र असण्याची अवस्था. आरंभींच 'ऑनर' बसलेला आहे. तो ओळखला कीं राक्षसाचें मुंडकें हातीं आलें.

दुसरा शब्द अठ्ठावीस अक्षरांचा: 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम'. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत, चर्चला असलेली राजमान्यता काढून घ्यावी कीं नाहीं, असा वाद चालला. ती काढूं नये म्हणणाऱ्यांच्या मताला हें नांव. फोडून पाहा: अँटि म्हणजे विरोध, डिस् म्हणजे आपला 'वि', एस्टॅब्लिश म्हणजे स्थापणें, पुन्हा तोच 'स्टा', आणि इझम म्हणजे वाद. विस्थापन-विरोध-वाद! मराठींत म्हटल्याबरोबर राक्षस घरचा गडी झाला.

तिसरा एकोणतीस अक्षरांचा: 'फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन'. ही विद्यार्थ्यांच्या लॅटिन व्याकरणांतून अठराव्या शतकांत निघालेली गंमत. लोंकरीचा पुंजका, कवचीचा तुकडा, शून्य आणि केस, अशा चार कवडीमोल वस्तूंचीं लॅटिन नांवें एकापुढें एक जोडलीं, आणि अर्थ झाला: कस्पटासमान लेखणें. आपण एका कस्पटावर जें काम भागवितों, त्याला त्यांना चार लागलीं!

चौथा तर पंचेचाळीस अक्षरांचा आहे. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस' हा शब्द १९३५ सालीं अमेरिकेंतल्या कोडीं सोडविणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षानें मुद्दाम घडविला. फुप्फुस, अति, सूक्ष्म, वालुका, ज्वालामुखी, धूळ आणि रोग, असे त्याचे तुकडे ओळीनें पडतात. ज्वालामुखींतल्या अतिसूक्ष्म वाळूच्या धुळीनें होणारा फुप्फुसाचा रोग, एवढेंच त्याचें सांगणें. ज्याच्या पूर्वजांनीं ओळभर लांबीचे संस्कृत समास सोडविले, त्या मुलानें या शब्दापुढें कां थरथरावें?

परंतु श्रोतेहो, येथें आपल्यालाहि एक कान पिळून घ्यावा लागेल. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देतांना आपणहि असेच राक्षस निर्माण केले आहेत. आगगाडीच्या सिग्नलाला 'अग्निरथ-गमनागमन-सूचक-ताम्र-लोह-पट्टिका' म्हणावें, ही थट्टा महाराष्ट्रांत कोणीं ऐकिली नाहीं? थट्टा खरी, पण तिच्या पोटांत एक शहाणपण आहे. लोकांनीं सिग्नल घेतला आणि पट्टिका टाकिली. उलट स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धींतून आलेले 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' हे शब्द लोकांनीं असे उचलले कीं, ते कोणीं घडविले हेंहि विसरून गेले. दिन अधिक अंक, क्रम अधिक अंक. तुकडे दोन, दोन्ही ओळखीचे. फरक शुद्धतेचा नाहीं. तुकडे ओळखूं येतात कीं नाहीं, एवढाच आहे.

'दूर' या एका लहान शब्दानें हेंच करून दाखविलें आहे. इंग्रजींत 'टेलि' हीं अक्षरें घेऊन शब्दांचें एक कुटुंब आलें. मूळ ग्रीक, अर्थ लांबचें. टेलिफोनाचा आपण दूरध्वनि केला, टेलिव्हिजनाचें दूरदर्शन झालें. टेलिस्कोपाला तर आपल्याकडे त्याआधींच 'दुर्बीण' होती. आणि ती फारसींतून आलेली, दूर पाहणारी या अर्थाचीच! टेलिग्राफाला मात्र लोकांनीं व्याकरण न विचारतां 'तार' म्हटलें, कारण डोळ्यांना दिसली ती तार. ती तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. शब्द मात्र आमच्या पिढीच्या तोंडीं अजून आहे.

आतां महाबळेश्वराच्या दुसऱ्या बाजूस उतरूं. पांचगणी ओलांडून पसरणीच्या घाटानें खालीं आलें कीं कृष्णाकांठीं वाई लागते. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम या गांवीं उभें राहिलें. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. पण त्याच्याहि आधीं, १९७३ सालीं, अठरावा खंड निघाला, आणि त्याचें नांव 'परिभाषासंग्रह'. अठरावा खंड पहिल्याच्या अगोदर कां? कारण उघड आहे. शेंकडों विद्वान् शेंकडों विषयांवर मराठींत लिहिणार. एकानें एका इंग्रजी संज्ञेला एक शब्द वापरावा आणि दुसऱ्यानें दुसरा, तर कोशाची बाबेलची बखळ होईल. म्हणून आधीं इंग्रजी संज्ञा, तिच्यापुढें मराठी शब्द, अशी यादी हवी. रघुनाथ पंडितानें जें रायगडासाठीं केलें, कँडींनीं जें सरकारासाठीं केलें, तेंच या मंडळींनीं नव्या राज्याच्या विद्येसाठीं केलें. एका डोंगराभोंवतालच्या मुलखाशीं अशा तीन याद्यांचें नातें जुळावें, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

या संग्रहानें आणि भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांनीं दिलेले शब्द आज शाळेच्या पुस्तकांत आहेत. आणि खेदाची गोष्ट ही कीं, तेहि आम्हीं रांगेंतच पाठ करविले. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मराठी शाळेंतलें मूल तसेंच घोकतें, जसें इंग्रजी शाळेंतलें मूल 'फोटोसिंथेसिस' घोकतें. प्रकाशाच्या साह्यानें झाड आपलें अन्न जोडून तयार करतें, हें चित्र शब्दांतच आहे. 'फोटो' म्हणजे प्रकाश आणि 'सिंथेसिस' म्हणजे जोडणी, हें त्या शब्दांतहि आहे. पण तें कोणी उघडून दाखवीत नाहीं. मग एका मुलाला मराठी जड वाटते, दुसऱ्याला इंग्रजी जड वाटते, आणि आईबाप म्हणतात कीं दोष माध्यमाचा. २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविलें जाऊं लागलें. शब्द चार वर्षें आधीं आले. रीत तीच राहिली, तर भयहि चार वर्षें आधीं आलें, एवढाच त्याचा अर्थ होईल.

मोल्स्वर्थांचा कोश १९७५ सालीं पुण्यांत पुन्हा छापला गेला. आतां तर तो शिकागो विद्यापीठाच्या कृपेनें संगणकावरहि पाहतां येतो. अक्षरांची रांग चाळण्याचें कामच उरलें नाहीं. शब्द लिहावा, अर्थ पुढें उभा. अर्थ इतका स्वस्त झाला असतांना तो पाठ करविण्यांत काय पुरुषार्थ? यंत्र एकट्या शब्दाचा अर्थ चटकन् देतें. त्याचें कुळ, त्याचे भाऊबंद, आपल्या भाषेंतलें त्याचें सोयरें दाखविणें, हें काम अजून माणसाचें आहे. आणि त्याला पदवी लागत नाहीं. घरांत एक बरासा कोश, आणि मुलानें लांब शब्द आणला कीं त्याचे तुकडे पाडून पाहण्याची हौस, एवढें पुरे. आपण शहरांतलीं शिकलेलीं कुटुंबें. आपल्या घरीं हें सहज होण्यासारखें आहे. ज्या घरीं तें होण्यासारखें नाहीं, तेथल्या मुलासाठीं शाळेनें तें केलेंच पाहिजे.

जुन्या महाबळेश्वरांत पंचगंगेचें देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचा उगम तेथें एकत्र मानितात. पुढें कृष्णा पूर्वेच्या समुद्राला जाते आणि सावित्री पश्चिमेच्या. मुखाशीं उभें राहून पाहणाऱ्याला यांचें कांहीं नातें आहे, असें स्वप्नांतहि वाटणार नाहीं. शब्दांचेंहि असेंच आहे. मुखाशीं अर्थ पाठ करणाऱ्याला तबेला, राज्यघटना आणि रेल्वे स्टेशन यांचा संबंध दिसत नाहीं. उगमाशीं नेलेल्या मुलाला तो दिसतो. मला तें दाखवितां यावयाला उशीर झाला. आपण उशीर करूं नये, एवढी विनंती करून मी आपला निरोप घेतों.